टार्प नवा, तरी पहाटे पाठ ओली: पावसाळी हॅमॉकमध्ये पाणी येतं कुठून?

पावसाळ्यात हॅमॉकमध्ये, म्हणजे दोन झाडांना बांधलेल्या कापडी झोळीत, झोपणाऱ्यांची तक्रार एकाच वाक्यात संपते: "टार्प गळतो." टार्प म्हणजे हॅमॉकच्या वर छपरासारखं ताणायचं कापड. माझीही तीन मोसम हीच तक्रार होती. रात्री अकराला कोरडा आडवा व्हायचो आणि तीन-साडेतीनला पाठीखाली गार लागून जाग यायची. पहिल्या वर्षानंतर टार्प बदलला. दुसऱ्या वर्षानंतर जाड घेतला. तिसऱ्या खेपेला जाड आणि मोठा असा घेऊन गेलो, आणि पहाटे ओल्या बनियनवर चुलीपाशी बसलो. जागा तिन्ही वेळा तीच, इगतपुरी तालुक्यात वैतरणा धरणाच्या बाजूची नानांची आमराई. नानांनी चहा हातात दिला, माझ्या नव्याकोऱ्या टार्पखाली वाकून एकदा वर पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, कापड कोरडं हाय की. पाणी दोरीनं आलंय. झाडाकडनं बघा."

झाडाकडून पाहिलं. आंब्याच्या खोडावरून पाणी ओघळत होतं, हॅमॉक झाडाला बांधायच्या पट्ट्यावर उतरत होतं, आणि पट्टा ज्या उतारानं हॅमॉककडे येतो त्याच उतारानं थेट माझ्या पायथ्याशी पोचत होतं. तिथून ते कापडात झिरपून सगळ्यात खोल जागी, म्हणजे कमरेखाली, साचत होतं. तीन टार्पांचे पैसे मोडले होते आणि तिन्ही टार्प निर्दोष होते.

म्हणून टार्प कुठला घ्यावा हे विचारायच्या आधी, मागच्या वेळी ओल कुठे होती ते आठवा. टोकांना, एका कुशीला, बरोबर मध्यावर, की सगळीकडे सारखी? उत्तर बदललं की दुखणं बदलतं आणि औषधही. आणि जाग येईल तेव्हाच टॉर्च लावून हात फिरवून पाहायचं. सकाळपर्यंत सगळं पाणी मध्यात गोळा होतं आणि पुरावा जातो.

टोकं ओली, मग कंबर ओली

हे पट्ट्याचं पाणी. हॅमॉकचा पट्टा आडव्या रेषेशी साधारण ३० अंशांत बांधतात, म्हणजे तो झाडाकडून तुमच्याकडे उतरता असतो. पाण्यासाठी ती तयार पन्हळच. टार्प पट्ट्यावर पडणारा पाऊस थोडाफार अडवतो, पण खोडावरून येणारं पाणी अडवू शकत नाही. जोराच्या पावसात आंबा, जांभूळ, सादडा अशा मोठ्या झाडांच्या खोडावरून केवढं पाणी उतरतं ते एकदा हात लावून बघा.

उपाय फुकट आहे. पायजम्याच्या जुन्या सुती नाडीचा वीतभर तुकडा घ्या आणि पट्ट्याला घट्ट बांधून खाली लोंबता सोडा. पाणी नाडीपाशी येतं, नाडीवर उतरतं आणि टोकावरून टपटप गळतं. कौलांवरून पागोळी गळते तशी, फक्त आपल्याला हवी तिथे. नायलॉनची दोरी नको, ती पाणी नीट ओढून घेत नाही. सुती नाडी किंवा सुतळीच हवी. नाडी टार्पच्या काठाच्या आत चार बोटं बांधायची. काठाच्या बाहेर बांधली तर तिच्या पुढच्या पट्ट्यावर पुन्हा पाऊस पडणार. पावसाचा जोर असेल तर एका बाजूला दोन नाड्या बांधतो. काही जण पट्टा आणि हॅमॉक यांच्यामध्ये धातूची कडी असली की पाणी तिथेच तुटतं म्हणतात. बऱ्याचदा तुटतं. माझं एकदा कडीच्या खालून वळसा घालून आलं, तेव्हापासून कडी असली तरी नाडी असते.

हाच प्रकार टार्पच्या आढ्याच्या दोरीनंही होतो. दोन झाडांमध्ये एकच दोरी ताणून तिच्यावर टार्प घातला असेल तर दोरीवरचं पाणी टार्पच्या खालून आत सरकतं आणि पहिल्या गाठीपाशी थेंब धरतं. ती गाठ नेमकी तोंडावर असते. तिथेही टार्पच्या काठाच्या आत, दोन्ही टोकांना, नाडी बांधा. किंवा दोरी टार्पच्या वरून घ्या आणि टार्प तिला खालून लटकवा.

एकच कूस ओली

ही झड. मराठीत या दुखण्याला इतका नेमका शब्द आहे की निदान करावंच लागत नाही. ओटीवर बसलेली आजी "झड येतीये, आत व्हा" म्हणायची, तेव्हा छपरात दोष आहे असं तिला वाटत नव्हतं.

नाशिक शहरातल्या माणसाची फसगत इथे होते. शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. इगतपुरीला तो ३००० च्या वर जातो, आणि दोन्हींत अंतर पन्नास किलोमीटरही नाही. गंगापूर धरणाच्या बाजूला किंवा गिरणाऱ्याच्या मळ्यात एक रात्र कोरडी गेली की माणूस तोच टार्प घेऊन घाटमाथ्यावर जातो. घाटमाथ्यावर पाऊस जास्त पडतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो तिथे आडवा पडतो, हे अंगावर आल्याशिवाय लक्षात येत नाही.

थोडा हिशेब करू. पावसाचा मोठा, टपोरा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगानं खाली येतो, म्हणजे ताशी साधारण ३० किलोमीटर. वाराही ताशी ३० किलोमीटर असेल तर थेंब ४५ अंशांत तिरका येणार. जितका खाली, तितकाच आत. आता ८ फूट रुंदीचा टार्प घ्या. आढ्याच्या दोन्ही बाजूंना ४-४ फुटांची पाख. आढं ६ फुटांवर, पाख ४५ अंशांत. पाखेचा काठ मध्यापासून २.८ फूट बाहेर आणि जमिनीपासून ३.२ फुटांवर येतो. हॅमॉकचा तळ खुर्चीच्या उंचीला, दीड फुटावर. काठाला चाटून गेलेला थेंब तळापर्यंत १.७ फूट खाली येतो, म्हणजे १.७ फूट आतही येतो. मध्यापासून उरतो एक फूट आणि वर एक-दोन इंच. हॅमॉकमध्ये तिरकं झोपलं, आणि नीट पाठ टेकायची तर तिरकंच झोपावं लागतं, की एक कोपर आणि गुडघा याच्या बाहेर जातो. कूस ओली होणारच.

१० फुटी टार्पवर हाच हिशेब करा. पाख ५ फुटांची, काठ ३.५ फूट बाहेर आणि अडीच फुटांवर. थेंब फक्त एक फूट आत येतो, मध्यापासून अडीच फूट कोरडे. टार्प दोनच फूट रुंद झाला, पण कोरडी जागा दुपटीहून जास्त वाढली.

आता खरी गंमत. बारीक भुरभुर थेंब सेकंदाला जेमतेम दोन मीटर वेगानं पडतो. त्याच वाऱ्यात तो जवळजवळ आडवा उडतो. म्हणून धो धो पावसात कोरडे राहिलेले लोक पाऊस ओसरल्यावर, ढग खाली उतरून भुरभुर लागल्यावर भिजतात आणि चक्रावतात. पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस या दोन नक्षत्रांत, म्हणजे साधारण जुलैभर, घाटमाथ्यावर हा खेळ चालतो. भुरभुरीवर रुंदी पुरत नाही. तिथे पश्चिमेची पाख खाली आणून काठ जमिनीपासून वीतभरावर ठेवावा लागतो.

पश्चिमेचीच का, तर आपल्याकडे मोसमी वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. हॅमॉक वाऱ्याला आडवा बांधा, म्हणजे साधारण उत्तर-दक्षिण, आणि टार्पची पाख वाऱ्याकडे करा. टार्पचं उघडं टोक वाऱ्याकडे केलं तर टार्प बोगदा होतो आणि झड डोक्याकडून पायापर्यंत जाते. धरण दिसावं म्हणून मी दोन वर्षं डोकं पश्चिमेला करून झोपलो. देखावा छान होता. डोंगराच्या किंवा बांधाच्या आडोशाला पूर्वेकडच्या अंगानं जागा मिळाली तर अर्धं काम झालं.

मध्यावर टपटप, तीही मध्यरात्रीनंतर

टार्प सैल पडून हॅमॉकला टेकलाय किंवा त्यात पाण्याची डबकी झाली आहेत. संध्याकाळी तबल्यासारखा ताणलेला टार्प रात्री लोंबतो याचं कारण बहुतेक वेळा नायलॉन. नायलॉन हवेतला ओलावा शोषतं आणि लांबतं. प्रयोगशाळेतल्या ठरावीक दमट हवेत कोरडं नायलॉन स्वतःच्या वजनाच्या ४ टक्क्यांच्या आसपास पाणी धरतं, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. सिलनायलॉन विरुद्ध सिलपॉली, म्हणजे सिलिकॉनचा लेप दिलेलं नायलॉन की पॉलिएस्टर, हा वाद आपल्या पावसाळ्यापुरता मला इथेच संपलेला वाटतो. सिलपॉली घ्या.

पण टार्प पॉलिएस्टरचा घेऊन तणावे पॅराकॉर्डचे बांधले तर मुद्दा परत तिथेच. पॅराकॉर्डही नायलॉनच. तणाव्यांना पॉलिएस्टरची किंवा डायनिमा या न लांबणाऱ्या कृत्रिम धाग्याची बारीक दोरी वापरा. गाठ कोणती? कांद्याच्या ट्रॉलीवर ताडपत्री आवळताना ड्रायव्हर फास करून दोरी खाली ओढतो आणि मग आवळतो, तीच. पिंपळगावच्या बाजार समितीबाहेर दहा मिनिटं उभं राहिलात तर कुठल्याही व्हिडिओपेक्षा चांगली शिकाल. नायलॉनचा टार्प आधीच घेतला असेल तर टाकू नका. प्रत्येक तणाव्यात वीतभर इलॅस्टिकची दोरी घाला, कापड लांबलं की ती आपसूक ओढून धरते. आणि झोपायच्या आधी, पाऊस लागून अर्धा तास झाल्यावर, एकदा उठून सगळे तणावे आवळा. कंटाळा येतो, मान्य आहे.

मेखा निघत असतील तर तो टार्पचा दोष नाही. नाशिककडची काळी माती भिजली की लोणी होते, सहा इंची बारीक मेख तीत टिकत नाही. झाडाच्या मुळाला किंवा दगडाला बांधा.

सगळीकडे बारीक दव

हे गळणं नव्हे. रात्री हवा शंभर टक्क्यांच्या जवळ दमट, त्यात तुमचा श्वास, त्यात कोणीतरी टार्पखाली मॅगी उकळलेली. आतून थेंब धरतात आणि वर मोठा थेंब आदळला की झडतात. लोक त्याला "कापडातून फवारा येतो" म्हणतात. बोट आतल्या बाजूनं फिरवा: ओल सारखी पसरलेली असेल तर बाष्प, एकाच जागी पुन्हा पुन्हा येत असेल तर भोक. वाऱ्याकडची बाजू खाली ठेवून दुसरी हातभर उचला, हवा खेळू द्या. ओढ्याच्या काठावर बांधू नका. घाटमाथ्यावर ढगच टार्पखाली शिरला तर मात्र काही चालत नाही. पांघरूण लोकरीचं किंवा सिंथेटिक ठेवा, पिसांचं नको.

खरोखर गळत असेल तर

गच्चीवर टार्प ताणून पाइपनं पाणी मारा आणि खाली दुसऱ्याला उभं करा. शिवण गळत असेल तर आधी लेप कोणता ते पाहा. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनच्या, लेपाच्या कापडाला शिवणीवर पट्टी चिकटते, कंपनीतूनच लावून येते. सिलिकॉनच्या कापडाला पट्टी चिकटत नाही. त्याच्या शिवणीवर सिलिकॉनचाच लेप हातानं द्यावा लागतो, आणि स्वस्त टार्पवर तो बहुधा दिलेला नसतो. हार्डवेअरच्या दुकानातलं पारदर्शक सिलिकॉन मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ करा, ब्रशनं शिवणीवर ओढा, एक दिवस वाळू द्या. खोलीत करू नका, वासानं डोकं उठतं.

पीयूचा टार्प हाताला चिकट लागत असेल आणि आंबूस वास येत असेल तर लेप दमट हवेत कुजलाय. त्यावर इलाज नाही. ओला टार्प पिशवीत कोंबून माळ्यावर टाकला की हे लवकर होतं. माझा दुसरा टार्प असाच गेला, चूक पूर्ण माझी.

आता घ्यायचा कोणता

लांबीपासून सुरू करा, कारण तिथेच दुकानात फसायला होतं. ११ फुटी हॅमॉक बांधल्यावर दोन टोकांमधलं अंतर त्याच्या लांबीच्या साधारण ८३ टक्के राहतं, म्हणजे ११० इंच. १० फुटी टार्पचं आढं १२० इंचांचं, प्रत्येक टोकाला उरतात ५ इंच. ४५ अंशांच्या झडीत ते काहीच नाहीत. १२ फुटी टार्पला प्रत्येकी १७ इंच मिळतात. नाशिक शहर, निफाड, सिन्नर या बाजूला फिरणार असाल तर ११ फूट भागतं. त्र्यंबक, इगतपुरी, पेठ, सुरगाणा म्हणाल तर १२ फुटांच्या आत बघू नका.

आकारांत चौकोनी तुकडा तिरका टाकून, दोनच कोपरे आढ्यावर घेऊन वापरायचा प्रकार आहे. १० बाय १० चा टार्प असा टाकला की आढं १४ फुटांचं मिळतं, हे ऐकायला भारी वाटतं. पण टोकांकडे रुंदी निमुळती होत जाते आणि तिरकं झोपलेल्या माणसाचं डोकं नेमकं तिथे येतं. ऑक्टोबरनंतर छान. पावसाळ्यात नाही. षटकोनी टार्प वजनाला हलका, त्याचे काठ आत वळवून कापलेले असतात म्हणून वाऱ्यात फडफडत नाही, पण तेवढीच वळचण कमी. माझ्या मते घाटासाठी आयताकृती, १२ बाय १० चा, आणि टोकांना बंद करायचे पल्ले असतील तर उत्तम. पल्ले म्हणजे चार त्रिकोण, आत दुमडले की दार लागतं. पल्ले असल्यावर वारा रात्रीत फिरला तरी उठावं लागत नाही.

कापडावर १५००, २०००, ३००० मिलिमीटर असे आकडे असतात. कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते झिरपत नाही, असा त्याचा अर्थ. तंबूच्या तळाला मोठा आकडा लागतो कारण त्यावर माणसाचं वजन दाबतं. डोक्यावरच्या टार्पला १५०० पुरतात. ५००० साठी जास्त पैसे देऊ नका, ते रुंदीवर घाला.

आणि साधी प्लास्टिकची ताडपत्री? लोक लाजून विचारतात. अजिबात लाजू नका. ती पाणी शोषत नाही, लांबत नाही, गळत नाही. अडचण वजनाची. १२ बाय १० फूट म्हणजे ११ चौरस मीटर. १२० जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅमची, ताडपत्री सव्वा किलोच्या वर, २०० जीएसएमची सव्वादोन किलोच्या आसपास. त्याच मापाचा सिलपॉली टार्प अर्धा-पाऊण किलोत येतो. गाडी मळ्यापर्यंत जात असेल तर ताडपत्रीच न्या. पाठीवर घेऊन हरिहर किंवा अंजनेरीच्या बाजूला चालायचं असेल तर नको. तिच्या काठावरच्या, दोरी ओवायच्या भोकांच्या धातूच्या कड्या वाऱ्यात उपटतात, म्हणून कोपऱ्यात गोटा गुंडाळून त्याच्या मानेला दोरी बांधा. शेतात सगळे तसंच करतात.

डायनिमाचं ते कागदासारखं कापड मी मित्राच्या हॅमॉकवर पाहिलंय. ओलं होऊन लांबत नाही, हलकं आहे, किंमत ऐकून मी पुढचं विचारलं नाही.

दोन गोष्टी ओघात. टार्प ताणण्याआधी मान वर करून वाळक्या फांद्या पाहा, वारा सुटला की त्या टार्प विचारत नाहीत. सागाखाली बांधू नका, पाऊस थांबल्यावरही त्याची रुंद पानं तासभर टपोरे थेंब ओततात आणि झोप मोडते. भंडारदऱ्याकडे जाणार असाल तर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याची हद्द कुठून लागते ते आधी विचारून घ्या. आत मनानं मुक्काम टाकायचा नसतो.

मागच्या जुलैत नानांकडे चौथ्यांदा गेलो. १२ बाय १० चा सिलपॉली, हॅमॉक उत्तर-दक्षिण, पश्चिमेची पाख जमिनीपासून वीतभर, चार नाड्या. रात्रभर झड होती. पहाटे जाग आली ती डावी कूस भिजल्यामुळे, म्हणजे पूर्वेची, आडोशाची. टॉर्च लावला. नानांचा मोत्या पावसातून येऊन माझ्या खाली उभा होता आणि दुसऱ्यांदा अंग झाडायच्या बेतात होता.